घरी बांधलेल्या लाकडी कॅम्पर ट्रेलरसाठी टिकाऊ रंग कसा निवडावा

अमेरिकेत ‘टिअरड्रॉप’ या नावाने ओळखला जाणारा छोटा कॅम्पर ट्रेलर हौशी माणसे १९३० च्या दशकापासून घरच्या गॅरेजमध्ये बांधत आली आहेत. बाजूने पाहिल्यास पाण्याच्या थेंबासारखा दिसणारा हा डबा साधारणपणे ४ फूट रुंद, ८ फूट लांब आणि ४ फूट उंच असतो. तिथे प्लायवुडचा तक्ता ४ बाय ८ फुटांचा मिळतो, त्यामुळे ही मापे आपोआपच ठरून गेली. आत दोन माणसे झोपतात आणि मागचे झाकण वर उचलले की स्वयंपाकाचा छोटासा ओटा उघडतो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अशा अनेक ट्रेलरांवर ॲल्युमिनियमचा पत्रा असे. आज घरी बांधणारे बरेच जण पत्र्याचा खर्च आणि त्याला वाक देण्याची खटपट टाळून प्लायवुडलाच रंग देतात, आणि मग हा रंग किती वर्षे टिकेल ही चिंता सुरू होते. मी मिशिगनमध्ये असे दोन ट्रेलर बांधले. पहिल्याचा रंग दुसऱ्याच हिवाळ्यानंतर कडांवरून सुटू लागला, दुसऱ्याचा अजून धड आहे, आणि दोन्ही वेळी वरचा रंग एकाच प्रकारचा होता.

त्यामुळे ‘सर्वांत टिकाऊ रंग कोणता’ या प्रश्नाआधी ‘रंगाखालचे लाकूड कसे बंद करणार’ हे ठरवावे, असे माझे मत झाले आहे. एकदा ते ठरले की रंगाचे निम्मे पर्याय आपोआप गळून पडतात.

रंग का सुटतो

घराच्या भिंतीला वर छपराची वळचण असते आणि पाऊस बहुतेक वेळा तिच्यावरून निथळून जातो. ट्रेलरला वळचण नसते, त्याचे छप्पर म्हणजेच पुढे वाकत गेलेली त्याची भिंत असते, आणि ताशी १०० किलोमीटर वेगाने जाताना समोरून येणारा पाऊस प्रत्येक सांध्यात दाबाने शिरू पाहतो. शिवाय खाली लोखंडी सांगाडा हादरत आणि पिळवटत असतो, गाडीची चाके खडी उडवत असतात, आणि उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठही अंगावर येते. घराचा रंग किंवा होडीचा रंग जसाच्या तसा इथे चालेल असे गृहीत धरता येत नाही, ते यामुळे.

तरीही रंग बहुधा मधल्या सपाट भागावर सुटत नाही. आपल्याकडच्या न्हाणीघराचे लाकडी दार आठवून पाहावे. दाराच्या दोन्ही बाजूंना व्यवस्थित रंग असतो, पण खालची कड कोणी रंगवलेली नसते. काही वर्षांत तिथूनच प्लाय फुगते, पापुद्रे सुटतात आणि मग वरच्या रंगाचे पोपडे निघतात. ट्रेलरचे अगदी तसेच होते. लाकडाच्या आडव्या कापलेल्या टोकातून पाणी सपाट पृष्ठभागाच्या कित्येक पट वेगाने शोषले जाते, आणि प्लायवुडच्या चारही कडांना असे टोक उघडे असते. दाराचे आणि खिडकीचे कापलेले छिद्र, चाकावरची कमान, दिव्याच्या वायरीसाठी पाडलेले भोक, बिजागरीचा प्रत्येक स्क्रू या सगळ्या कडाच आहेत, आणि रंगाची परीक्षा तिथे होते.

दुसरे कारण प्लायवुडच्या घडणीत आहे. प्लायवुडचा वरचा पापुद्रा बहुधा ओंडका फिरवत सोलून काढलेला असतो, आणि सोलताना त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा पडतात. ओल आत-बाहेर करू लागली की या भेगा उघडतात आणि वरचा कडक रंग त्यांच्याबरोबर फाटतो. डग्लस फर या अमेरिकेत सर्रास मिळणाऱ्या लाकडाच्या प्लायवुडमध्ये हा दोष विशेष दिसतो. बर्च किंवा ओकुमे यांचा पृष्ठभाग अधिक गुळगुळीत असतो, पण ही लाकडे कुजण्यापुढे फारशी टिकत नाहीत. मरीन प्लायवुड म्हणजे न कुजणारे प्लायवुड असा एक गैरसमज आहे, प्रत्यक्षात त्यात पाण्याने न सुटणारा डिंक आणि पोकळ्या नसलेले थर यांचीच हमी असते. केवळ रंगाचा विचार केला तर एमडीओ नावाचे प्लायवुड उत्तम, कारण त्याच्यावर रेझिनमध्ये भिजवलेल्या कागदाचा थर कारखान्यातच दाबून बसवलेला असतो आणि त्या थराला भेगा पडत नाहीत. महामार्गांवरच्या फलकांसाठी ते वापरले जाते, यावरून त्याची योग्यता कळावी. मात्र कडा त्याच्याही उघड्याच असतात.

आणखी एक गोष्ट हौशी माणसाच्या हातून हमखास होते, ती म्हणजे उशीर. सांगाडा उभा करून, तक्ते ठोकून आपण पुढच्या सुट्टीची वाट पाहतो आणि उघडे लाकूड महिनाभर अंगणात उन्हात राहते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे लाकडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवणारे लिग्निन वरच्या थरात विघटित होते, आणि मग रंग लाकडाला न चिकटता त्या सैल झालेल्या तंतूंना चिकटतो. विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथे अमेरिकी वनखात्याची लाकडावर संशोधन करणारी प्रयोगशाळा १९१० पासून आहे. तिचाही सल्ला असाच आहे की उघडे लाकूड दोन आठवड्यांहून अधिक काळ ऊन-पावसात राहू देऊ नये. राहिलेच तर रंगापूर्वी नवे, स्वच्छ लाकूड दिसेपर्यंत पॉलिश पेपर मारावा.

आधी पाया ठरवावा

पायाचे व्यवहार्य मार्ग तीन आहेत. पहिला, लाकूड इपॉक्सीने, म्हणजे हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या रेझिनने, पूर्ण बंद करणे, त्यावर हवे तर काचतंतूचे कापड बसवणे. दुसरा, लाकडाला प्रायमर आणि बाहेरच्या भिंतींचा ॲक्रिलिक रंग देऊन त्याला थोडा श्वास घेऊ देणे. तिसरा, कॅनव्हास चिकटवून त्यावर रंग देणे.

इपॉक्सीचा मार्ग खर्चिक आणि कष्टाचा आहे, पण ट्रेलर बारा महिने उघड्यावर राहणार असेल तर मी तोच सुचवीन. इपॉक्सी लाकडातील ओलीची ये-जा इतकी मंदावते की लाकूड फुगून-आकसून जवळजवळ हलतच नाही, आणि न हलणाऱ्या पायावर कडक, चकचकीत रंग वर्षानुवर्षे टिकू शकतो. पॉलिश पेपर मारायचा नसेल तर निदान दोन हात, मारायचा असेल तर तीन हात द्यावेत, कारण एक हात घासण्यातच जातो. आधीचा हात पुरता वाळण्यापूर्वी, बोटाला किंचित चिकट लागत असतानाच पुढचा हात दिला तर दोन थर रासायनिकरीत्या एकजीव होतात आणि मध्ये घासावे लागत नाही. पहिला हात सकाळी तापत जाणाऱ्या उन्हात देऊ नये. लाकूड तापले की त्यातील हवा प्रसरण पावून बाहेर येते आणि ओल्या इपॉक्सीत शेकडो बुडबुडे उठतात. उलट दुपारनंतर तापमान उतरू लागले असताना दिल्यास लाकूड इपॉक्सी आत ओढून घेते. कडांना पहिला हात दिल्यावर काही मिनिटांनी पुन्हा पाहावे, तो शोषला गेलेला असतो. मग तो पुन्हा द्यावा, आणि कड चकचकीत राहीपर्यंत देत राहावे.

इपॉक्सी वाळल्यावर तिच्यावर कधी कधी मेणासारखा, बोटाला निसरडा लागणारा पातळ थर येतो. तो पाण्यात विरघळतो. पॉलिश पेपर मारण्याआधी साध्या पाण्याने आणि भांडी घासायच्या खरखरीत घासणीने तो धुवून, लगेच कोरड्या कापडाने पुसून घ्यावा. आधी घासले तर हा थर पृष्ठभागात मुरतो, आणि पुढे रंग सुटला की आपण रंगाला दोष देत बसतो. दुसरे असे की काही एक-घटकी, म्हणजे हार्डनर न मिसळता डब्यातून तसेच वापरायचे, ऑइल प्रायमर आणि इनॅमल इपॉक्सीवर नीट वाळतच नाहीत, कारण इपॉक्सीच्या हार्डनरमधील अमाइन त्यांच्या वाळण्यात अडथळा आणते. एखाद्या तुकड्यावर आधी करून पाहणे हाच त्यावर उपाय आहे. आणि इपॉक्सी कितीही मजबूत असली तरी उन्हात ती पिवळी पडते, मग तिच्यावर खडूसारखी भुकटी येते. तिला वर रंगाची सावली द्यावीच लागते.

ॲक्रिलिकचा मार्ग याच्या नेमका उलट आहे. इथे ओल थोडी आत-बाहेर होणार हे मान्य केलेले असते, म्हणून वरचा रंग लवचीक आणि बाष्प जाऊ देणारा असावा लागतो. उघड्या लाकडावर कडक दोन-घटकी, म्हणजे हार्डनर मिसळून द्यायचा, रंग देणे ही सर्वांत महागडी चूक आहे: लाकूड हलते, रंग हलत नाही, भेग पडते, त्यातून पाणी शिरते, आणि तोच अभेद्य रंग आता पाण्याला बाहेर पडू देत नाही.

कॅनव्हासचा मार्ग जुन्या होड्यांच्या डेकवरून आणि कॅनव्हासने मढवलेल्या ‘कनू’ नावाच्या हलक्या होड्यांवरून आला आहे. जाड सुती कॅनव्हास पाण्याला टिकणाऱ्या, लाकूडकामाच्या डिंकाने प्लायवुडवर चिकटवायचा, आणि मग पाणी घालून पातळ केलेल्या ॲक्रिलिक रंगाचा पहिला हात विणीत मुरवून वर दोन-तीन घट्ट हात द्यायचे. कापड प्लायवुडच्या बारीक भेगा झाकून धरते, कडेवरून सहज वळते, आणि खर्च काचतंतूच्या मानाने फार कमी येतो. पृष्ठभाग मात्र कापडासारखा दिसतो. कोणाला तो आवडतो. मला जुन्या होडीसारखा वाटतो, आणि म्हणून आवडतो.

कोणताही मार्ग घेतला तरी आतली बाजू विसरू नये. दोन माणसे रात्रभर बंद डब्यात श्वास घेतात तेव्हा सकाळी भिंतींवर दव साचलेले असते. बाहेरून लाकूड घट्ट बंद आणि आतून कोरे असेल तर ही ओल आतून शिरते आणि बाहेरच्या रंगाला मागून ढकलून फोड आणते. तळाच्या तक्त्याचा खालचा भाग सांगाड्यावर बसवण्यापूर्वीच, उलटा करून, कडांसह बंद करावा. घराच्या पायाच्या भिंतींना लावतात ते डांबरी इमल्शन तिथे स्वस्त आणि पुरेसे असते. फक्त जिथे पुढे दुसरा रंग द्यायचा आहे तिथे ते लागू देऊ नये, कारण डांबर ऑइल पेंटमधून तपकिरी डागांनी वर येते.

रंगांचे पर्याय

बाहेरच्या भिंतींचा शंभर टक्के ॲक्रिलिक रंग हा मला सर्वांत कमी लेखला गेलेला पर्याय वाटतो. तो ऊन चांगले सोसतो, वर्षानुवर्षे लवचीक राहतो, हव्या त्या छटेत मिळतो, ब्रश पाण्याने धुता येतो, आणि ओरखडा आला तर तेवढ्याच जागी हात मारून मोकळे होता येते. त्याचा मोठा दोष म्हणजे मऊपणा. धूळ त्याला धरते, आणि ॲक्रिलिकचे दोन रंगवलेले पृष्ठभाग एकमेकांवर दाबले गेले की चिकटतात. ॲक्रिलिक दिलेल्या एका ट्रेलरचे दार रंग दिल्यानंतर आठवड्याभरात बंद करून ठेवले होते. उघडताना चौकटीवरच्या रंगाची सालपटे रबरी पट्टीबरोबर निघून आली. असा रंग हाताला दोन तासांत कोरडा लागतो, पण पूर्ण घट्ट व्हायला सुमारे ३० दिवस घेतो. तोपर्यंत दारे किलकिली ठेवावीत, रबरी पट्टी नंतर बसवावी आणि तिला टाल्कम पावडर चोळावी. दाराच्या चौकटीला आणि मागच्या झाकणाच्या कडांना दारे-खिडक्यांसाठीचे, पाण्याने पातळ करायचे इनॅमल वापरले तर हा त्रास बराच कमी होतो.

होड्यांच्या पाण्यावरच्या भागासाठी मिळणारे एक-घटकी इनॅमल चकाकी आणि कठीणपणा यांचा चांगला मेळ घालते, आणि इपॉक्सीच्या पायावर, योग्य प्रायमर देऊन, हौशी माणसाने रोलरने दिले तरी सुबक दिसते. माझ्या दोन्ही ट्रेलरांना तेच आहे. पहिल्याला मी ते केवळ प्रायमरवर दिले होते. त्याची एक मर्यादा लक्षात ठेवावी. साचून राहिलेले पाणी त्याला सोसत नाही, आणि हिवाळ्यात ताडपत्री घट्ट आवळून ठेवली तर खाली अडकलेल्या ओलीने त्याला फोड येतात. ताडपत्री आणि ट्रेलर यांच्यामध्ये हवा खेळेल एवढे अंतर हवे.

दोन-घटकी पॉलियुरेथेन सर्वांत कठीण, सर्वांत चकचकीत आणि ऊन-मीठ-डिझेल यांना दाद न देणारे असते. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि त्याच्या संपर्काने कायमचा दमा जडू शकतो. एकदा शरीर संवेदनशील झाले की पुढे अगदी थोडी मात्राही त्रास देते. गॅरेजमध्ये त्याचा स्प्रे मारू नये, कारण त्यासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा लागतो. रोलरने द्यायचे असले तरी उत्पादकाने सांगितलेला मास्क, हातमोजे आणि मोकळी हवा हवीच. शेजारी घर लागून असेल तर हा पर्याय सोडून द्यावा.

पिकअप गाडीच्या हौद्याला लावतात तो दाणेदार जाड लेप अलीकडे फार लोकप्रिय झाला आहे. खडीचा मार तो उत्तम झेलतो आणि खालच्या पृष्ठभागातील खोट लपवतो. परंतु त्याने वजन वाढते, दाण्यांत मळ बसतो, आणि कुठे पाणी शिरलेच तर खाली लाकूड कुजत असल्याचे वरून दिसत नाही. घ्यायचा झाल्यास उन्हात न विटणारा, म्हणजे डब्यावर ॲलिफॅटिक असे लिहिलेला घ्यावा. मी तो फक्त पुढच्या तोंडाच्या खालच्या फूटभर भागाला आणि चाकांच्या मागे लावतो, आणि तेवढाच तो योग्य वाटतो.

पारदर्शक वार्निशविषयी थोडक्यात: लाकडाच्या रेषा दिसाव्यात हा मोह मोठा असतो, पण पारदर्शक थरातून ऊन लाकडापर्यंत पोहोचते, म्हणून अतिनील किरण रोखणारे वार्निश घेऊनही दर एक-दोन वर्षांनी ताजा हात द्यावा लागतो. गॅरेजमध्ये राहणाऱ्या ट्रेलरला ते शोभते. उघड्यावर राहणाऱ्याला देऊ नये.

छटा आणि चकाकी

छटा ही केवळ आवडीची बाब नाही. गडद रंग उन्हात पांढऱ्यापेक्षा खूपच अधिक तापतो, आणि घरगुती वापरातील बहुतेक इपॉक्सी ५०-६० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडू लागतात. ॲरिझोनातील उन्हाळ्यात काळा किंवा गडद निळा ट्रेलर ही मर्यादा सहज ओलांडतो. मग काचतंतूची वीण रंगातून वर उमटते आणि सांधे सैल पडू लागतात. निदान छप्पर तरी पांढरे किंवा फिकट ठेवावे, आत झोपणाऱ्यांनाही ते मानवते. चकाकीबाबत असे की एकाच जातीच्या रंगात चकचकीत प्रकारात रेझिनचे प्रमाण अधिक आणि भुकटीचे कमी असते, त्यामुळे तो पाणी आणि घर्षण अधिक सोसतो आणि सहज पुसून स्वच्छ करता येतो. पण तो प्रत्येक खळगा उघडा पाडतो. लांबी भरण्यात आणि घासण्यात ज्याचा धीर सुटतो, त्याने अर्धचकाकी घ्यावी.

प्रत्यक्ष काम

४ बाय ८ च्या ट्रेलरचा बाहेरचा पृष्ठभाग सुमारे ११० चौरस फूट भरतो. ॲक्रिलिक रंगाचा एक गॅलन ३५० ते ४०० चौरस फुटांना पुरतो, म्हणजे एका गॅलनमध्ये तीन हात सहज होतात. एवढ्या थोड्या कामासाठी स्वस्त रंग घेऊन काटकसर करण्यात अर्थ नाही.

प्रथम ८० ते १२० नंबरचा पॉलिश पेपर मारावा आणि सगळ्या धारदार कडा किंचित गोल कराव्यात, कारण रंग धारेवरून ओघळून पातळ होतो आणि पहिल्यांदा तिथेच फाटतो. गाठी असतील तर त्यांतील राळ वर येऊ नये म्हणून तेवढ्याच जागी लाखेचा प्रायमर द्यावा. सिलिकोन सीलंट रंगाच्या आधी कुठेही वापरू नये. त्याचा पुसटसा अंश राहिला तरी रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. सांध्यांसाठी रंग धरणारे पॉलियुरेथेन सीलंट घ्यावे.

रंग देताना हवेचे तापमान १० अंश सेल्सियसच्या वर असावे आणि लाकडाचा पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश गरम असावा. मिशिगनमध्ये सप्टेंबरच्या संध्याकाळी ही दुसरी अट मोडते. दुपारी चारला दिलेला सुंदर हात रात्रीच्या दवाने सकाळी धुरकट झालेला असतो. इनॅमल द्यायचे तर दोघांनी मिळून द्यावे: एकाने बारीक फोमच्या रोलरने पातळ थर पसरावा आणि दुसऱ्याने लगेच मऊ ब्रशचे टोक हलकेच एका दिशेने फिरवून बुडबुडे मोडावेत. मागे वळून दुरुस्ती करायला जाऊ नये. दोन हातांमध्ये २२० नंबरचा पेपर फिरवून धूळ पुसून घ्यावी.

दिवे, बिजागऱ्या आणि खिडक्या रंगाच्या आधी एकदा बसवून, भोके पाडून, पुन्हा काढाव्यात. इपॉक्सीचा मार्ग घेतला असेल तर प्रत्येक स्क्रूचे भोक गरजेपेक्षा मोठे पाडून इपॉक्सीने भरावे आणि वाळल्यावर त्यातच नेमक्या मापाचे नवे भोक पाडावे. मग स्क्रूवाटे शिरलेले पाणी लाकडापर्यंत पोहोचत नाही. हे काम कंटाळवाणे आहे, ४०-५० भोके सहज होतात, पण भोके भरण्याचे काम एका संध्याकाळीच उरकते. शेवटी सामान बसवताना खाली पाणी अडवणारी चिकट ब्युटिल पट्टी द्यावी.

उरलेला रंग छोट्या बरणीत, काठोकाठ भरून, तारीख आणि छटेचा क्रमांक लिहून ट्रेलरमध्येच ठेवावा. दर वसंत ऋतूत ट्रेलर धुतल्यावर दाराच्या खालच्या कडा, चाकावरच्या कमानी आणि पुढचे तोंड बोटाने चाचपून पाहावे. कुठे केसाएवढी भेग किंवा खडीने उडालेला टवका दिसला तर तेवढी जागा घासून, दोन-तीन कोरडे दिवस तशीच उघडी ठेवून, आतली ओल गेल्याची खात्री झाल्यावरच तिथे इपॉक्सी किंवा प्रायमर आणि मग रंग लावावा. ओल्या लाकडावर घाईने मारलेला हात ती ओल आतच कोंडून ठेवतो.